बांदीतली पाखरं आणि आपला पट्टा

(कोहमारा येथे वनहक्क दावेदार गावकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)





दाव्याच्या कागदांबद्दल साथी बोलले. मी पाखरांबद्दल बोलणार आहे. कोणी म्हणेल, पट्ट्याच्या बैठकीत पाखरांचं काय काम? काम आहे. आपल्यावर नेहमीचा आरोप कोणता? "यांना पट्टे दिले की जंगल संपलं, पाखरू संपलं." आणि आपलं कोहमारा आहे कुठे? एका अंगाला नागझिरा, दुसऱ्या अंगाला नवेगाव, मधून महामार्ग. 2013 मध्ये दोन्ही जंगलं मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. आपल्या बांद्या या दोन जंगलांच्या मध्ये आहेत. म्हणून या आरोपाला उत्तर द्यावंच लागते.

आरोपात जेवढं खरं आहे, तेवढं आधी मान्य करू. दाट जंगलातलं पाखरू बांदीत घर करत नाही. धनेशाला जुन्या झाडाची मोठी ढोली लागते. मादी आत बसते, तोंड लिंपून घेते, नर बाहेरून फटीतून चारा देते. ते झाड तोडलं तर धनेश गेला. आणि वड, पिंपळ, उंबराचं बी दूरवर नेऊन टाकणारा तोच आहे. कायद्याची तारीख 13 डिसेंबर 2005 आहे. त्यानंतर नवीन जंगल तोडून जो शेत करेल, त्याच्या मागे संघटनेनं उभं राहू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

पण शेत म्हणजे पाखराचा वैरी, हे साफ खोटं आहे. साक्षीला सारस घ्या. माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पाखरांत जगात सगळ्यात उंच. महाराष्ट्रात तो आता आपल्या गोंदियात आणि थोडाफार शेजारच्या भंडाऱ्यात उरला आहे. तो राहते कुठे? दाट जंगलात नाही. वैनगंगा-बाघ नदीच्या बाजूला, तलाव-बोडीच्या काठी आणि धानाच्या बांदीत. पावसाळ्यात उभ्या धानात तणस-गवताचं घरटं करते, बहुतेक दोनच अंडी घालते, महिनाभर जोडीनं उबवते. खाटेएवढी जागा मोडते, तेवढं धान जाते. तरी कितीतरी शेतकऱ्यांनी घरटं हलवलं नाही, अंडी राखली. सारस वाचला तो त्या शेतकऱ्यांच्या सोसण्यानं. आपल्यात पाच देवे मानणाऱ्यांना सारस पवित्र आहे, हे सयान लोकांना सांगायची गरज नाही.

म्हणजे प्रश्न शेत आहे की नाही हा नाही. शेत कसं करतो, हा आहे. आपल्या डोळ्यांसमोर काय काय बदललं ते पाहू.

पहिलं, औषध. बांदीत आषाढापासून पाणी साचते. त्यात बेडूक, खेकडे, गोगलगाई, बारके मासे. त्यांच्या मागे बगळे आणि ढोकरी. धुऱ्यावरच्या झाडावर कोतवाल बसते, उडता किडा टिपते. रात्री घुबड उंदीर मारते. ही सगळी बिनमजुरीची माणसं समजा. खोडकिड्यासाठी दाणेदार विष टाकलं की आधी बेडूक-खेकडे मरतात. पाखरू ते दाणे धान्य समजून टिपते आणि तेही मरते. मग पुढच्या हंगामात किडा खाणारं कोणी उरत नाही आणि आपण पुन्हा उधारीवर डबा आणतो. हे फक्त पाखरांचं मरण नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना 20 च्या वर शेतकरी-मजूर विषबाधेनं मेले. जे पाखराला मारते ते आपल्यालाही सोडत नाही.

गिधाडाचंही तसंच झालं. दुखणाऱ्या ढोराला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायचे. ते ढोर मेलं, गिधाडानं खाल्लं की त्याचा गुर्दा निकामी. पंधरा-वीस वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एकही उरू नये इतकी संपली. 2006 मध्ये ढोरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर उशीर झाला होता.

दुसरं, धुरा. जुन्या धुऱ्यावर मोह, पळस, येन, बोर असायचे. आता ट्रॅक्टर फिरावा म्हणून धुरा बारीक केला, झाड काढलं. मोह गेला तर फूल गेलं, टोळी गेली आणि पाखराची बसायची जागाही गेली.

तिसरं, तलाव. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, मामा तलाव सरकारचे झाले, पण गाळ कोणी काढला नाही. बेशरम माजली. वरून उन्हाळी धानासाठी शेवटचं पाणी ओढलं की चैतात तलाव कोरडा. मासा नाही, पाखरू नाही, ढोराला पाणी नाही. पण तलाव पुन्हा उठतो, हेही आपल्याच जिल्ह्यात दिसलं. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवर भाऊबहिणींनी बेशरम उपटली, देवधानासारख्या देशी पाणवनस्पती लावल्या. मासे वाढले, मागोमाग पाखरं आली. आधी फायदा ढिवरांच्या जाळ्यात आला, हे लक्षात ठेवा.

आता काय करायचं? वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(झ) नुसार सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन हा आपला हक्क आहे. कलम 5 म्हणते, वन्यजीव आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. हा अधिकार वापरला नाही तर दुसरा कोणी आपल्या नावानं वापरेल. उद्या पाखरांच्या नावानं कोणी जमीन सोडा म्हणत आला, तर ग्रामसभेच्या वहीत आपलं काम लिहिलेलं असलं पाहिजे.

म्हणून माझ्या चार सूचना. प्रत्येक गावानं आपल्या सभेत मांडाव्या.

एक, पट्ट्याच्या जमिनीवरचा मोह आणि ढोलीचं झाड तोडायचं नाही.
दोन, दाणेदार विष बांदीत टाकायचं नाही. एकदम जमत नसेल तर तलावाच्या लगतच्या बांद्यांपासून सुरुवात करा.
तीन, उन्हाळी धानाला किती पाणी द्यायचं आणि तलावात किती राखायचं, हे ग्रामसभेनं ठरवायचं, मोटारवाल्यानं नाही. धानानंतर लाखोळी, जवस टाकली तर पाणीही वाचते.
चार, कोणतं पाखरू कधी दिसलं, कुठे घरटं केलं, हे वहीत लिहायचं. शाळेतली पोरं लिहितील, बुढे नाव सांगतील. गोंडी नाव आधी लिहा.

आणि सरकारला एक मागणी. घरटं राखताना ज्याचं धान जाते, त्याला भरपाई द्या. पाखरू सगळ्या राज्याचं आणि नुकसान एकट्या शेतकऱ्याचं, हा हिशेब चालणार नाही.

साथींनो, पट्टा हा कागद आहे. तो मिळवायला आपण लढतो आहोत आणि लढत राहू. पण त्या जमिनीवर बगळा उतरतो, धुऱ्यावर कोतवाल बसतो, हीसुद्धा साक्ष आहे. तीही दाव्याला जोडू.

जय सेवा! जल, जंगल, जमीन आमची, राखणही आमचीच!