इन्फोसिस पडला, मग माझा शेअर का पडला?

गोडदेवच्या घरातून पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्येच 'हुश्श' ऐकू आलं तर समजून घ्या.

17 एप्रिल 2023, सोमवार. सव्वानऊ वाजून गेले होते. भाईंदर स्टेशनवर गाडीची वाट बघत अ‍ॅप उघडलं, तर सगळं लालेलाल. माझ्याकडे इन्फोसिसचा एकही शेअर नव्हता. दुसऱ्या चार आयटी कंपन्यांचे होते. चार कंपन्या म्हणजे पैसे विभागले, अशी माझी समजूत! त्यात नव्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट अडकवलेलं. (हो, माहितीये, शहाणपणा नव्हता.)

झालं काय होतं? गुरुवारी, 13 तारखेला, इन्फोसिसने निकाल लावले आणि सांगितलं की येत्या वर्षात वाढ फक्त 4 ते 7 टक्के. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. तीन दिवस साठलेली भीती सोमवारी एकदम बाहेर पडली. इन्फोसिस 9 टक्क्यांहून जास्त घसरून बंद झाला आणि निफ्टी आयटी निर्देशांकही सोबत खाली आला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं.

पण इथे 'ओलं' खरंच ओलं होतं का? या कंपन्यांचं गिऱ्हाईक बरंचसं एकच: अमेरिकेतल्या बँका वगैरे. मार्चमध्येच तिथली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली होती. गिऱ्हाईकानेच हात आखडता घेतला, तर शेजारच्या दुकानाचा गल्लाही रिकामाच राहणार ना! शिवाय आयटीचे फंड विकायला लागले की टोपलीतलं सगळंच विकतात.

आता सत्यम आठवा. 7 जानेवारी 2009 ला रामलिंग राजूंनी हिशेबातला घोटाळा कबूल केला. शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त पडला. पण ती कीड त्यांच्याच वह्यांत होती. गिऱ्हाईकांचं काम संपलं नव्हतं, ते दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकत होतं.

म्हणून वाईट बातमी आली की मी आधी हेच बघतो: दुखणं कंपनीचं की गिऱ्हाईकाचं? 2023 मध्ये ते गिऱ्हाईकाचं होतं. जुलैत इन्फोसिसने तोच अंदाज आणखी खाली, 1 ते 3.5 टक्क्यांवर आणला.

मी मात्र एवढा विचार न करता, गाडी बोरिवलीला पोचायच्या आत चारही शेअर विकले. डिपॉझिटला कमी पडलेले पैसे ताईने दिले. दिवाळीत फेडले. टोमणे अजून चालू आहेत.