जावळ म्युनिकमध्ये, मामा नाशिकमध्ये

आजचा विषय जरा घरगुती आहे: परदेशात राहताना बाळाचं जावळ कसं काढायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. जन्मापासूनचे केस म्हणजे जावळ. ते पहिल्यांदा काढताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात. सोळा संस्कारांमध्ये याला चौल किंवा चूडाकर्म म्हणतात. मनुस्मृतीत पहिलं किंवा तिसरं वर्ष सांगितलंय, आणि आपल्या घरांमध्ये बहुतेक विषम महिना बघतात.

आता एक गैरसमज. 'गोटा केला की केस दाट येतात' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण केसाचा जिवंत भाग त्वचेच्या आत असतो. वरून वस्तरा फिरवला तर आतल्या मुळाला काही कळतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला केस जाड लागतो, एवढंच. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच हे दाखवून दिलंय.

मग तरी का काढायचं? हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, केसांचं निमित्त. मामा येतो, भाच्याला मांडीवर घेतो, ते खरं." आणि नेमकं तेच आम्हाला जमत नव्हतं. आम्ही म्युनिकला, माझा भाऊ नाशिकला. त्याची नोकरी नवीन, प्रोबेशन चालू, सुट्टी नाही. इकडे मुलाला ११वा महिना लागलेला आणि केस डोळ्यांत जायला लागलेले.

सासूबाई म्हणाल्या, वर्षाच्या आत उरकून घ्या. मला वाटत होतं, भावाला वगळून कसं करायचं? तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायचीही माझी तयारी होती. शेवटी त्यालाच सरळ विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, वाईट वाटतंय गं. पण थांबू नका. फक्त केस टाकू नका, माझ्याकडे पाठवा. गोदावरीत मी सोडतो."

मग मांडी कोणाची? इथे आमचा एक साताऱ्याचा मित्र आहे, माझ्याकडून दरवर्षी राखी बांधून घेतो. त्यालाच बसवलं. सलून तुर्की माणसाचं. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, तेव्हापासून ही मंडळी इथे स्थिरावली. त्यांना गोटा म्हणजे काय हे समजवावं लागलं नाही, कारण मुसलमानांमध्ये अकीक्याला बाळाचे केस काढून तेवढ्या वजनाची चांदी दान करायची पद्धत आहे.

पोरगा रडला, भरपूर रडला. मित्राने त्याला घट्ट धरून ठेवलं, आणि फोनवरून खरा मामा 'झालं झालं, संपलं' म्हणत होता. तेव्हा मला आईचं म्हणणं पटलं. बाळ घाबरणारच आहे, त्या वेळी धरायला आपलं माणूस पाहिजे. शक्य झालं तर मामा, नाहीतर त्याच्या जागी मनापासून बसणारं कोणीतरी. पण ज्याची जागा आहे त्याला आधी विचारा, आणि त्याच्यासाठी एखादं काम नक्की ठेवा.

तुम्ही करणार असाल तर थोड्या टिप्स. वस्तऱ्यापेक्षा मशीन बरी, ती आधी बाळाच्या हाताजवळ सुरू करून आवाजाची सवय करा. पोट भरलेलं आणि झोप झालेली असू द्या. जर्मनीत रविवारी सलून बंद असतात, पुष्कळ ठिकाणी सोमवारीही. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, म्हणून सकाळची वेळ घ्या, तिकडे आजी-आजोबा जागे असतात. नंतर टोपी विसरू नका.

केसांची डबी ओळखीच्या एकांबरोबर नाशिकला गेली. भावाने रामकुंडावरून फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'माझं काम झालं.'

तुमच्याकडे मामाच्या जागी कोण बसलं होतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!