साधन कोणाचे, नकाशा कोणाचा?



इलेक्ट्रॉनिक यंत्र बनविणाऱ्याला कॉम्प्युटरकडून दोन कामे करवून घ्यावयाची असतात. पहिले परीक्षेचे : सर्किट जोडण्यापूर्वीच त्यात कोठे किती व्होल्ट राहतील, किती प्रवाह वाहील, हे गणिताने पाहणे. दुसरे मांडणीचे : बोर्डावर तांब्याच्या वाटा कोठून न्यावयाच्या, भोके कोठे पाडावयाची, हे ठरविणे. ही कामे निराळी आहेत, एवढे ओळखले की निम्मी निवड झालीच म्हणून समजावे.

परीक्षेच्या सॉफ्टवेअरचे मूळ पुरुष म्हणजे 'स्पाइस'. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लॉरेन्स नेगल यांनी प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तो प्रोग्रॅम रचला आणि १९७३ साली जगापुढे मांडला. जोडावर येणारा व जाणारा प्रवाह सारखाच, या किरशॉफच्या नियमावरून समीकरणे मांडावयाची आणि ती पुनःपुन्हा सोडवीत उत्तराजवळ जावयाचे, ही त्याची रीत. पेडरसन यांनी तो कुलूपबंद न ठेवता इतरांना दिला. आजचे एनजीस्पाइस काय, एलटीस्पाइस काय, त्याच कुळातले. मात्र एलटीस्पाइस फुकट असले तरी त्याचा मूळ कोड मालकापाशीच आहे. एनजीस्पाइसचा कोड कोणीही वाचावा. आणि एक ध्यानात धरावे : सुट्या भागाचे मॉडेल कच्चे असेल तर कोणतेही सॉफ्टवेअर कच्चेच उत्तर देणार. जात्यात घालावे तसे पीठ!

आता मांडणीकडे वळू. 'ईगल' हे जर्मनीतील कॅडसॉफ्टचे सॉफ्टवेअर १९८८ पासून हौशी मंडळींच्या व छोट्या कारखानदारांच्या हाताशी होते. २०१६ साली ते ऑटोडेस्कने घेतले, २०१७ पासून ते वर्गणी भरून वापरावयाचे झाले, आणि ७ जून २०२६ नंतर ते मिळणार नाही, असे २०२३ साली जाहीर झाले. व्यापारात असे चालावयाचेच. त्याबद्दल रोष नाही. परंतु ज्याची वीस वर्षांची रेखाटने त्यात पडली आहेत, त्याने काय करावे?

येथे 'कायकॅड'चे उदाहरण बोधप्रद आहे. फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली ते आरंभिले. २०१३ पासून सर्न या संशोधनसंस्थेने त्याला हातभार लावला. त्याच्या फाइली साध्या अक्षरांत लिहिलेल्या असतात, ईगलची रेखाटनेही ते वाचते, आणि २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून एनजीस्पाइस त्याच्या पोटातच आहे. आपल्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाने कायकॅड व एनजीस्पाइस यांची सांगड घालून 'ईसिम' तयार केले, तेही विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते.

मग विकतचे सॉफ्टवेअर त्याज्य काय? मुळीच नाही. ज्या कारखान्यात नोकरी, तेथले हत्यार शिकलेच पाहिजे. अतिवेगवान संदेशांच्या बोर्डांना महागड्या साधनांची गरजही पडते. आमचे म्हणणे इतकेच, की घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. दहा वर्षांनी हे रेखाटन आम्हांला उघडता येईल काय? बोर्ड बनविणाऱ्याला लागणाऱ्या गर्बर फाइली यातून बिनतक्रार निघतात काय? अडल्यास विचारावयास माणूस आहे काय? साधन भाड्याचे असले तर असो. त्यात ओतलेले श्रम मात्र भाडे थकताच कुलपाआड जाता कामा नयेत.