शिकलेले वाया जाऊ नये

(बिडकीन येथे पालक, शिक्षक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या रस्त्याने आपण आज येथे आलो, तो पुढे पैठणला जातो. शुद्धिपत्रासाठी ज्ञानदेवादी भावंडे पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभी राहिली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्यांच्यापाशी ज्ञान होते. अडले होते ते पत्रावाचून. काळ बदलला, पण प्रश्न पुरता मिटलेला नाही. आजही विद्यार्थी किती शिकला यापेक्षा तो कोणत्या वयात, कोणत्या वर्गात बसून शिकला, याचीच नोंद आपण आधी पाहतो.

म्हणून आजचा विषय असा आहे : अकरावी-बारावीत शिकणाऱ्या मुलाने महाविद्यालयाच्या तोडीचे काही शिकले, तर ते त्याच्या पदवीच्या खात्यात जमा व्हावे की नाही? अनेकांना हा प्रश्न शहरातल्या सुखवस्तू घरांचा वाटेल. माझ्या मते तो सर्वांत आधी बिडकीनचा आहे.

कारण उघड आहे. येथील आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या. ७,८५५ एकरांचे हे बिडकीन औद्योगिक क्षेत्र सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. विजेवर चालणाऱ्या वाहनांचे मोठे उद्योग येथे येण्याच्या घोषणा त्याच वर्षी झाल्या. ज्याच्या आजोबांची जमीन त्या कुंपणाच्या आत गेली, तो मुलगा त्या कुंपणाच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा राहणार, की आत यंत्रणा चालवणारा तंत्रज्ञ आणि अभियंता होणार? या प्रश्नाचे उत्तर कारखाना देणार नाही. ते आपल्या शाळेने आणि महाविद्यालयाने द्यायचे आहे.

विद्या काळाने मोजावी की प्राप्तीने, हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. पारस्कर गृह्यसूत्रात स्नातकांचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेदाध्ययन पुरे झाले पण व्रताची मुदत पुरी व्हायची आहे, तो विद्यास्नातक. मुदत पुरी झाली पण अध्ययन अपुरे राहिले, तो व्रतस्नातक. दोन्ही पूर्ण झाले, तो विद्याव्रतस्नातक. गुरुगृही घालवलेला काळ आणि मिळवलेली विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पूर्वजांनी स्पष्ट ओळखले होते. पुढे आपण वर्षे मोजत बसलो आणि विद्या मोजायची राहून गेली.

एका संस्थेत शिकलेले दुसऱ्या संस्थेने मानावे, याचे तेजस्वी उदाहरण तर आपल्याच भूमीत घडले. १९३८ साली तत्कालीन औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला. ते लोण उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले. निजामी राजवटीने विद्यार्थ्यांना काढून टाकले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या चळवळीत होते. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने या विद्यार्थ्यांना आपले दार उघडले. त्या एका निर्णयाने अनेक तरुणांचे शिक्षण वाचले. संस्थेच्या मनात असेल, तर नियम मार्ग काढतात.

आता वर्तमानाकडे येऊ. जुलै २०२० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय व उच्च शिक्षण, तसेच पुस्तकी व व्यावसायिक शिक्षण यांमधील भिंती काढण्याचा संकल्प केला. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे दिलेला एक आकडा अंतर्मुख करणारा आहे : १९ ते २४ या वयोगटातील औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेले कामगार भारतात ५ टक्क्यांहून कमी, तर जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक बँक उभी केली. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला आणि शाळेपासून पीएच.डी.पर्यंत एकच जिना बांधला गेला. त्यात दहावी ही तिसरी पातळी, बारावी चौथी आणि पदवीचे पहिले वर्ष साडेचार. तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक. या तासांत वर्गाबरोबर प्रयोगशाळा, कार्यशाळा आणि प्रत्यक्ष कामाचे शिक्षणही धरले जाते. मात्र मूल्यमापन झाल्याखेरीज श्रेयांक मिळत नाही.

पण जिना बांधला म्हणजे माणूस वर पोहोचला, असे होत नाही. आराखडा म्हणजे कायदा नव्हे. अकरावीच्या विद्यार्थ्याने पदवीच्या पातळीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तरी मंडळाने आणि विद्यापीठाने तो स्वीकारल्यावाचून त्याच्या हाती काही पडत नाही. येथे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८५ साली त्या राज्याने कायदाच केला. अकरावी-बारावीचा पात्र विद्यार्थी महाविद्यालयात जाऊन शिकतो. ते शिक्षण शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या अशा दोन्ही खात्यांत जमा होते, आणि शुल्क व पुस्तकांचा भार राज्य उचलते. परदेशातील प्रत्येक गोष्ट आंधळेपणाने उचलावी, असे आपण कधीच म्हटलेले नाही. परंतु या कायद्याचे मर्म ‘दोन्ही खात्यांत’ या दोन शब्दांत आहे, ते घेण्यासारखे आहे.

का, ते हिशेबाने पाहा. तीन श्रेयांकांचा एक अभ्यासक्रम म्हणजे ९० तास. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत असे चार अभ्यासक्रम झाले, तर १२ श्रेयांक, म्हणजे ३६० तास. पदवीच्या पहिल्या वर्षाचे साधारण ४० ते ४४ श्रेयांक असतात. म्हणजे एक चतुर्थांशाहून अधिक भार आधीच उतरला. पण हे ३६० तास शाळेने आपल्या हिशेबात धरले नाहीत, तर मुलाच्या डोक्यावर नुसता दुहेरी बोजा पडेल. मग श्रीमंताचा मुलगा शिकवणी लावून तो पेलेल आणि शेतमजुराची मुलगी बाहेर राहील. सवलत म्हणून आणलेली योजना विषमता वाढवील. समरस समाजाचे स्वप्न पाहणाऱ्यांना हे चालणार नाही.

दुसराही धोका स्पष्टपणे सांगतो. ‘कामातून शिक्षण’ या गोड नावाखाली पंधरा-सोळा वर्षांची मुले स्वस्त मजूर म्हणून कारखान्यात ओढली जाऊ शकतात. २०१६ च्या कायदादुरुस्तीने १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवण्यास बंदी केली आहे. ती रेषा कोणीही ओलांडता कामा नये. ज्या कामात शिकवणारा कोणी नाही आणि परीक्षण नाही, ते शिक्षण नव्हे, ती हमाली आहे. तिला श्रेयांक देणे हा विद्येचा अपमान आहे.

मग आपण काय करावे? शासनाकडे मागणी अवश्य करावी. राज्य मंडळ आणि विद्यापीठ यांनी परस्परमान्यतेचा नियम करावा, त्याला कायद्याचा आधार असावा, आणि गरजू विद्यार्थ्याचे शुल्क राज्याने भरावे. आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थ्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देण्याची वाट महाराष्ट्रात आधीपासून आहे. म्हणजे तत्त्व आपण पूर्वीच मान्य केले आहे, आता ते विस्तारायचे आहे. परंतु मागणी करून हात जोडून बसणे हा आपला स्वभाव नव्हे. परिसरातील एक कनिष्ठ महाविद्यालय, एक आयटीआय आणि एक पदवी महाविद्यालय यांचे प्राचार्य एका बैठकीत एकत्र आणणे आपल्या हातात आहे. वीजजोडणी, यंत्ररेखन, हिशेबलेखन, संगणक असे चार अभ्यासक्रम ठरवता येतील, आणि नियम होईल तेव्हा आपण तयार असू. ते मराठीत शिकवले जावेत, कारण समजलेलेच टिकते. वर्ग अशा वेळी भरावेत की मुलींना शेवटच्या एसटीने घरी परतता येईल. ज्यांनी उद्योगांत आयुष्य घालवले, अशा निवृत्त तंत्रज्ञांनी आठवड्यातले दोन तास द्यावेत. श्रेयांकाचे खाते म्हणजे काय, ते कसे उघडायचे, हे घरोघरी जाऊन पालकांना समजावणे हे तर निखळ कार्यकर्त्याचे काम आहे.

एका गोष्टीची जाणीव मात्र राहू द्या. श्रेयांक हे साधन आहे. घाईने पदवी पदरात पाडून घेणे हे शिक्षणाचे ध्येय नाही. शील आणि कर्तृत्व असलेला माणूस घडणे हे ध्येय आहे. पण परिस्थितीमुळे ज्याचे शिक्षण मधेच सुटते, त्याच्या नावावर निदान शिकलेले तेवढे जमा राहावे, आणि पुन्हा परतल्यावर त्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागू नये, एवढा न्याय समाजाने त्याला द्यायलाच हवा.

या गावाने देशाच्या उद्योगासाठी आपली जमीन दिली आहे. त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उद्योगात या गावाची मुले ताठ मानेने, आपल्या विद्येच्या बळावर आत जावीत. त्यासाठी येत्या जूनची वाट न पाहता आजपासूनच कामाला लागू या.