दुखावलेला गुडघा आणि रोजचे जगणे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्या मेळाव्यात एका क्रीडाशिक्षकाने केलेले भाषण)



क्रीडाविषयक मेळाव्यात बहुधा विजयाच्या गोष्टी सांगितल्या जातात. मी मात्र आज दुखापतीविषयी बोलणार आहे. हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही. तो माझ्या डाव्या गुडघ्याने मला शिकविला आहे.

चोविसाव्या वर्षी गावच्या कबड्डी सामन्यात चढाई करून मी मध्यरेषेकडे वळलो. पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला, अंग मात्र फिरले. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन तासांत तो भोपळ्यासारखा सुजला. एका जाणत्या गृहस्थांनी गरम तेलाने तो चोळून दिला. पंधरा दिवसांत सूज ओसरली, मी सरळ चालू लागलो आणि बरा झालो असे समजून पुन्हा मैदानात उतरलो. पहिल्याच चढाईत गुडघा निसटला. पहिल्या वेळी केवळ अस्थिबंध तुटला होता; दुसऱ्या वेळी गुडघ्यातील गादीही फाटली.

या घटनेचे कारण समजून घेणे उपयुक्त ठरेल. आपल्या गुडघ्यात एकमेकांना छेदून जाणारे दोन अस्थिबंध असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही. तो पूर्ण तुटला तर बहुधा आपोआप पूर्ववत जुळून येत नाही. तरीही काही दिवसांनी सूज उतरते आणि सपाट रस्त्यावर माणूस नीट चालतो. फसगत होते ती इथेच. एकाएकी वळताना गुडघा निसटतो आणि अशा प्रत्येक वेळी आतील गादी चिरडली जाण्याचा धोका असतो. सूज उतरणे म्हणजे दुखापत बरी होणे नव्हे, एवढे एक वाक्य आपण येथून घरी नेले तरी माझे भाषण सार्थकी लागले असे मी समजेन.

पुढे मी शिक्षक झालो. वर्गात आणि मैदानावर मी मुलांना वेदना विसरून लढणाऱ्या खेळाडूंच्या कथा मोठ्या अभिमानाने सांगत असे. एके वर्षी आमच्या संघातील एका गुणी मुलाने गुडघ्याची दुखापत तीन आठवडे लपवून ठेवली. अखेर तो जिन्यावरून कोसळला तेव्हा ती उघड झाली. “मला का सांगितले नाहीस?” असे मी विचारले. तो म्हणाला, “सर, तुम्ही मला संघातून काढले असते.” त्याचे वडील शेतमजूर. दहावीच्या परीक्षेतील क्रीडागुण आणि पुढे शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण यांवर त्या घराची सारी आशा होती. मुलाने दुखापत लपविली, यात दोष त्याचा नव्हता. सांगितले तर सारे संपेल, अशी समजूत मीच माझ्या कथांनी त्याच्या मनात रुजविली होती.

दुखापतीने सारे संपत नाही. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांचे उदाहरण आपणा सर्वांचे आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा मार्ग गुडघ्याच्या दुखापतीने अडविला. परंतु १९५५ साली पोलीस दलात दाखल झालेल्या खाशाबांनी पुढे दीर्घकाळ सेवा केली. आखाडा दुरावला, तरी कर्तृत्व थांबले नाही.

पहिले दोन-तीन दिवस

दुखापत होताच खेळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा ते वीस मिनिटे लावावा व काही तासांनी पुन्हा लावावा. ताणाची पट्टी बांधावी, पण इतकी आवळू नये की बोटे बधिर व्हावीत. पाय उशीवर उंच ठेवावा. या काळात शेक, तेल आणि चोळणे कटाक्षाने टाळावे. त्यामुळे रक्तस्राव आणि सूज वाढते. पाय टेकवत नसेल, गुडघा अडकून बसला असेल किंवा पाऊल गार अथवा बधिर पडले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. अन्य रुग्णांनीही तपासणी लांबवू नये.

त्यानंतरचे महिने

खरी कसोटी पुढेच असते. शाळा, शेत, कचेरी यांपैकी काहीच थांबत नाही आणि आपले बहुतेक जगणे जमिनीलगतचे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे, शौचास बसणे, या प्रत्येक क्रियेत गुडघा पूर्ण दुमडतो. यास्तव काही दिवस जेवणास खुर्ची घ्यावी व शौचासाठी मध्ये भोक असलेली खुर्ची वापरावी. यात कमीपणा मानू नये. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. एस. टी.च्या पायऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. रात्री पाणी धरण्यासाठी निसरड्या बांधावर जाणे आणि दुखऱ्या पायाने मोटारसायकलला किक मारणे टाळावे.

मात्र विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. वापराविना मांडीचे स्नायू काही आठवड्यांतच रोडावतात, आणि गुडघ्याला आधार देतात ते हेच स्नायू. डॉक्टरांच्या संमतीने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबावी व सोडावी. असे दहा वेळा करावे. पाय ताठ ठेवून वीतभर उचलावा व सावकाश खाली न्यावा. मी स्वतः उत्तरपत्रिका तपासताना टेबलाखाली पाय ताठ करून धरीत असे.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असे नाही. स्नायू बळकट करून काहींचे दैनंदिन काम सुरळीत चालते. परंतु कबड्डी, खो-खो, फुटबॉल असे वळणावळणाचे खेळ पुन्हा खेळायचे असतील, तर बहुधा अस्थिबंधाची पुनर्रचना करावी लागते. त्यानंतरही किमान नऊ महिने स्पर्धेत उतरू नये आणि दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी झाल्याची खात्री करूनच परतावे. स्पर्धेची तारीख गुडघ्याला कळत नाही.

आपण काय करू शकतो

शिक्षकांनी खेळापूर्वी वीस मिनिटे शरीर तापविण्याचे व्यायाम घ्यावेत. उडीवरून उतरताना गुडघे वाकलेले असावेत आणि आत कलू नयेत, हे मुलामुलींना शिकवावे. प्रत्येक दुखापतीची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. जखमी मुलाला बाकावर बसू द्यावे, मैदानापासून मात्र तोडू नये. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी गुणलेखकाचे काम दिले. वर्षभरात तो नियमांत इतका पारंगत झाला की पंचांना शंका आली तर तेही त्याच्याकडे पाहू लागले.

ग्रामपंचायतींनी मैदानातील खडे वेचून, माती भुसभुशीत करून ती शिंपून घ्यावी. सामन्याच्या दिवशी दूध संकलन केंद्रातून किंवा दुकानातून बर्फ आणून ठेवावा आणि रुग्णालयात नेण्यासाठी एक वाहन आधीच ठरवून ठेवावे. यास मोठा निधी लागत नाही. अधिकाऱ्यांनी स्पर्धेला अनुमती देताना या गोष्टींची विचारणा केली, तर त्या आपोआप अंगवळणी पडतील.

आता मी वेदना विसरण्याच्या कथा सांगत नाही. खेळ सुरू करण्यापूर्वी मी संघाला रोज एकच प्रश्न विचारतो, “आज कोणाचे काही दुखते आहे काय?” पहिले काही दिवस एकही हात वर झाला नाही. आता होतात. आपापल्या मैदानावर हा प्रश्न विचारावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!