मूळ प्रत तबकडीवर, फेरफार डिस्कवर
(संगणक प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मूळ कागदावर खाडाखोड करावयाची नाही, फेरफार निराळ्या नोंदवहीत घालावयाचा, ही आपल्या दप्तराची जुनी शिस्त आहे. संगणकाच्या क्षेत्रात हीच शिस्त एका अडचणीतून कशी जन्मास आली, ते आज सांगावयाचे आहे.

१९९० नंतरच्या काही वर्षांत सामान्य संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये काही शे मेगाबाइट एवढीच जागा असे. उलट एका सीडी-रॉम तबकडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावे. बीएसडी युनिक्ससारख्या प्रणालीची मूळ आज्ञावली, म्हणजेच सोर्स कोड, डिस्कवर उतरविला तर कामाला जागा उरत नसे. तेव्हा तो तबकडीवरच ठेवून वापरावा, असा मार्ग निघाला.

परंतु तबकडी केवळ वाचता येते. तिच्यावर लिहिता येत नाही. म्हणून दोन गोष्टींची सोय करावी लागते. पहिली, संकलनातून निर्माण होणाऱ्या फायलींची. बीएसडीमध्ये त्या मूळ आज्ञावलीपासून अलग निर्देशिकेत ठेवता येतात. ती डिस्कवर असली म्हणजे झाले. दुसरी सोय दुरुस्तीची. डिस्कवर प्रत्येक फायलीऐवजी तबकडीकडे बोट दाखविणारा दुवा निर्माण करावयाचा आणि जी फाइल बदलावयाची तेवढ्याच दुव्याच्या जागी तिची प्रत ठेवावयाची. ४.४ बीएसडीने याहून सुबक योजना दिली. तीत तबकडीवर डिस्कचा एक थर पसरला जातो. वाचताना खालची फाइल दिसते. लिहू लागताच तिची प्रत वरच्या थरात येते. पुसल्यास वर केवळ ‘येथे काही नाही’ अशी खूण राहते. मूळ प्रत मात्र अबाधित!

या पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे. आरंभीच्या तबकडीचा वेग सेकंदाला १५० किलोबाइट एवढाच असे, त्यामुळे संकलन रेंगाळे. शिवाय तेवढा वेळ तबकडी काढता येत नसे. वारंवार लागणारा भाग, उदाहरणार्थ प्रणालीचा गाभा, तेवढा डिस्कवर उतरवून घेणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

जागेची बचत हा मात्र लहान लाभ आहे. मी स्वतः एकदा डिस्कवरील मूळ आज्ञावलीतच दुरुस्त्या केल्या होत्या. पुढे नवी आवृत्ती आली, तेव्हा आपल्या ओळी कोणत्या आणि मुळातल्या कोणत्या, हे मलाच सांगता येईना. मूळ प्रतही राहिली नव्हती. ते सारे काम पुन्हा करावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती. थर वेगळे असते, तर वरच्या थरात माझे काम तेवढेच दिसले असते, आणि सुरक्षित प्रतही तेवढ्याचीच काढावी लागली असती.

आज डिस्कची टंचाई सरली, तबकडीही मागे पडली. तत्त्व मात्र टिकले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१८ आवृत्तीत ‘ओव्हरलेएफएस’ या नावाने अशीच थरांची योजना समाविष्ट झाली. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या अनेक प्रणाली खाली न बदलणारी मूळ प्रत आणि वर फेरफाराचा थर, याच रीतीने चालतात.

तेव्हा, मूळ जपा आणि आपला फेरफार वेगळा ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.