सैनिकाचे घर आणि मताचा अधिकार
(सैनिक कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपणांपुढे सैनिकाच्या घरातील मताचा प्रश्न मांडावयाचा आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गणवेषातील वडिलांचे किंवा मुलाचे छायाचित्र टांगलेले असते. अशा घरांतून कायद्याच्या कामासाठी लोक माझ्याकडे येतात, आणि निवडणूक जवळ आली म्हणजे तीन वाक्ये हमखास कानी पडतात. एक : "आम्ही फौजी माणसे, राजकारणाशी आम्हांला काय करावयाचे?" दुसरे : "आमच्या घरातील मते मी सांगेन तेथेच पडतात." तिसरे : "मुलगा सीमेवर आहे, त्याचे मत वाया गेले म्हणावयाचे." ही तिन्ही वाक्ये निष्ठेने उच्चारली जातात, तरीही तिन्ही चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत, हे इतिहासाच्या आणि कायद्याच्या आधारे पाहू.

पहिल्या वाक्याचा विचार प्रथम करू. फौजेचा राजकारणाशी संबंध नाही, असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या घराण्याचा इतिहास आठवावा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते, आणि बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील छावणीत झाला. त्याच शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने लढाऊ आणि बिनलढाऊ जाती असा भेद करून महारांची भरती बंद केली. आपले शौर्य एका रात्रीत आटले होते काय? ते होते तसेच होते. बदलले होते ते सरकारचे धोरण, आणि धोरण हे राजकारणाचे अपत्य आहे.

त्या वेळी आपल्या हाती काय होते? केवळ अर्ज होता. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 च्या सुमारास भरती पुन्हा सुरू करण्याविषयी अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज भासली तेव्हा 1917 मध्ये महारांची 111 वी पलटण उभी राहिली. गरज सरताच 1921 मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 मध्ये, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. अर्ज करून अर्धे शतक दार ठोठावावे लागले. निर्णय जेथे होतात तेथे आपला माणूस बसला तेव्हा दार उघडले. ज्याची भाकरी, बढती आणि मरणदेखील सरकारच्या निर्णयावर अवलंबून आहे, त्याने राजकारणाशी संबंध नाही असे म्हणणे हे आत्मवंचन होय.

आजची गोष्टही निराळी नाही. समान पदास समान निवृत्तिवेतन हा निर्णय 2015 मध्ये झाला, तो माजी सैनिकांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. त्या वेळी जाहीर झालेल्या तरतुदीप्रमाणे भरती चार वर्षांची आणि त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत जवानच नियमित सेवेत. ही योजना चांगली की वाईट, हे मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. परंतु तिचा परिणाम ज्या घरावर होणार, त्या घराने तिच्याविषयी काहीच मत बनवू नये, हे मला मान्य नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सैनिकावर बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत. संविधानाच्या 33 व्या अनुच्छेदाने संसदेस सैन्यदलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे. 1950 चा सैन्य कायदा आणि 1954 चे सैन्य नियम यांप्रमाणे सैनिकाने राजकीय सभेत वा मोर्चात भाग घेऊ नये, राजकीय संघटनेचे सभासद होऊ नये, तिला वर्गणी देऊ नये, स्वतःस उमेदवार म्हणून जाहीर करू नये. ज्या हाती बंदूक आहे त्या हाती पक्षाचा झेंडाही आला, तर लोकशाहीची काय गत होते, हे अनेक देशांनी भोगले आहे.

परंतु नीट लक्ष द्या. 33 वा अनुच्छेद मूलभूत हक्कांच्या भागास लागू आहे. मताचा अधिकार त्या भागात नाही. तो 326 व्या अनुच्छेदात आहे. सैनिकाचा सार्वजनिक आवाज कायद्याने आवरला. त्याचे मत मात्र शाबूत ठेवले. शिवाय ही बंधने सैनिकावर आहेत, त्याच्या घरावर नाहीत. सैनिकाची पत्नी, आई, मुलगा, मुलगी हे सैन्य कायद्याखाली येत नाहीत. छावणीच्या हद्दीत राहत असल्यास तेथील नियम त्यांनी अवश्य पाळावेत. परंतु नागरिक म्हणून सभेस जाणे, प्रश्न विचारणे, पक्षात काम करणे, उमेदवार होणे, हे सर्व त्यांना मोकळे आहे. निवृत्त होऊन घरी आलेल्या सैनिकासही ते मोकळे आहे. घरातील एकाचे तोंड देशहितासाठी बंद असेल, तर बाकीच्यांनी आपला विचार अधिक जागा ठेवावयास नको काय?

दुसरे वाक्य अधिक नाजूक आहे, कारण ते घरात बोलले जाते. "घरातील मते मी सांगेन तेथेच पडतात" असे म्हणणारा गृहस्थ वाईट नसतो. त्याने आयुष्यभर हुकूम ऐकला आणि हुकूम दिला. पलटणीत हुकूम वरून खाली येतो, आणि तो तसाच आला पाहिजे. परंतु त्या सर्वांत वरच्या हुकुमाच्याही वर कोण आहे? संविधानाप्रमाणे सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. आणि लोकसभा कोण निवडते? आपण. म्हणजे ज्या साखळीच्या खालच्या टोकास जवान उभा आहे, तिच्या वरच्या टोकास मतदार म्हणून त्याची आई उभी आहे. त्या आईनेही मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हुकुमाने मत दिले, तर साखळीचे वरचे टोक कोणाच्याच हाती राहत नाही.

येथे मताचा इतिहास माता-भगिनींनी ऐकावा. 1919 च्या सुधारणांखाली मुंबई इलाख्यात मत मिळे ते मालमत्ता, सारा किंवा कर यांच्या जोरावर. आपल्याकडे यांतील काय होते? परंतु निवृत्त आणि पेन्शनदार सैनिक मतास पात्र धरला जाई. 1935 च्या कायद्याने सैनिकाच्या पेन्शनदार विधवेस आणि पेन्शनदार मातेसही मत दिले. म्हणजे आपल्यातील काही घरांत मत आले ते पलटणीच्या वाटेने. त्याचा अभिमान जरूर असावा. परंतु ती बक्षिसी होती हेही विसरू नये. शेजारच्या घरातील मजूर बाई, जिचा नवरा फौजेत नव्हता, ती बाहेरच राहिली. म्हणूनच बाबासाहेबांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. 26 जानेवारी 1950 पासून मत हे पेन्शनीचे शेपूट उरले नाही. माणूस प्रौढ आणि नागरिक असणे एवढेच त्यास पुरे. तेव्हा ही वयोमर्यादा 21 वर्षे होती; 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 पासून ती 18 वर्षे झाली.

तरीही स्त्रीचे मत नवऱ्याच्या नावास बांधण्याची सवय सुटली नाही. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीत राहू शकली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले. आणि सेवा मतदारांच्या कायद्यात, नवऱ्याबरोबर राहणाऱ्या "पत्नी"स सवलत असताना, स्त्री सैनिकाच्या पतीस ती नव्हती. "पत्नी" या शब्दाच्या जागी पती-पत्नी दोघांनाही लागू पडणारा शब्द घालण्यास 2021 ची कायदादुरुस्ती व्हावी लागली.

मत गुप्त ठेवण्याची व्यवस्था याचसाठी आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे, आपण कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातदेखील साक्षीदारावर करता येत नाही. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी जातीबाहेर टाकण्याची, बहिष्काराची अथवा देवाच्या कोपाची भीती घातली, तर ते भ्रष्ट आचरण ठरते. घरातील धाक मात्र कायद्यापुढे आणणे कठीण असते. तो घरानेच थांबविला पाहिजे. सुभेदारसाहेबांना देशाचे संरक्षण सर्वांत महत्त्वाचे वाटेल, त्यांच्या पत्नीस दवाखाना आणि पाणी, मुलास नोकरी, सुनेस मुलींची शाळा. चौघांनी एका चुलीपाशी बसून वाद घालावा, एकमेकांस पटवावे, आणि मतदानाच्या दिवशी चौघांनी चार मते आपापल्या बुद्धीने द्यावीत. याने घर फुटत नाही. बुद्धांनी कालामांस जो उपदेश केला त्याचा आशयच हा की, वडीलधाऱ्यांनी किंवा गुरूंनी सांगितले एवढ्यावरून काही मानू नये. स्वतः पारखून घ्यावे. धर्माच्या बाबतीत हे ज्यांनी स्वीकारले, त्यांनी मताच्या बाबतीत ते का नाकारावे?

तिसऱ्या वाक्याचे उत्तर व्यवहाराचे आहे; ते घरी जाऊन अमलात आणावयाचे आहे. सीमेवरील जवानाचे मत वाया जाण्याचे कारण नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 20 व्या कलमाप्रमाणे, नोकरी नसती तर तो जेथे राहिला असता, त्या मतदारसंघात त्याची नोंद सेवा मतदार म्हणून होते. त्यासाठी नमुना 2 भरून आपल्या युनिटमार्फत पाठवावा. त्याच्याबरोबर ठाण्यावर राहणाऱ्या जोडीदाराची नोंदही अशीच होते. 2016 पासून टपाली मतपत्रिका संगणकाद्वारे पाठविण्याची सोय झाली आहे. ती छापून घ्यावी, मत नोंदवावे, प्रतिज्ञापनावर सही करून ती अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावी, आणि लिफाफा मतमोजणी सुरू होण्याच्या वेळेपूर्वी पोचेल असा टपालात टाकावा. अधिकाऱ्याची साक्ष सहीपुरती असते. मत त्यासही दाखवावयाचे नाही.

ज्यास हे नको असेल, त्या सैनिकास 2003 च्या दुरुस्तीप्रमाणे आपल्या मतदारसंघातील विश्वासाचा माणूस प्रतिनिधी म्हणून नेमता येतो. त्या प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटास शाई लावतात, म्हणजे त्याचे स्वतःचे मत निराळे राहते. प्रतिनिधीने सैनिकाचे सांगणे पाळावे. ती अमानत आहे. शांततेच्या ठाण्यावर कुटुंबासह राहणाऱ्यास तेथेच सामान्य मतदार होता येते. मात्र दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही.

आता सर्वांत अधिक दुर्लक्षित गोष्ट सांगतो. सेवा मतदाराची सवलत सैनिक आणि बरोबर राहणारा जोडीदार एवढ्यांनाच आहे. अठरा वर्षांच्या मुलामुलीस ती नाही. गावी सासू-सासऱ्यांपाशी राहणाऱ्या पत्नीस ती नाही. सैनिकाच्या विधवेस ती नाही; निवृत्त होऊन आलेल्यासही नाही. या सर्वांनी नमुना 6 भरून सामान्य मतदार म्हणून नाव नोंदवावयाचे असते. धम्मदीक्षेनंतर ज्यांनी नाव बदलले असेल त्यांनी नमुना 8 भरून यादीतील नाव दुरुस्त करून घ्यावे. मतदारयादीत धर्माचा किंवा जातीचा रकाना नाही. 325 व्या अनुच्छेदाने सर्वांची यादी एकच आहे. धर्मांतराने मत जाते असे कोणी भय घालील, तर त्यास हा अनुच्छेद दाखवा.

2019 च्या लोकसभा निवडणुकीत 18 लाखांहून अधिक सेवा मतदार नोंदले होते. त्यांपैकी सुमारे 60 टक्क्यांच्या मतपत्रिका परत आल्या. राहिलेल्या चाळीस टक्क्यांत किती लिफाफे वाटेत अडले आणि किती भरलेच गेले नाहीत, याचा विचार प्रत्येक घराने आपल्यापुरता करावा. पुढील निवडणुकीपूर्वी घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव यादीत आहे की नाही, हे स्वतः पाहा. जवानास पत्र वा फोन करून त्याचा नमुना गेला की नाही, हे विचारा.

शेवटी एक सावधगिरी. निवडणुका आल्या की गणवेषाचे मोल एकाएकी वाढते. सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने 2013 मध्ये पक्षांना केली आणि 2019 मध्ये तिचा पुनरुच्चार केला. कोणत्याही पक्षाचा माणूस आपल्या दारी येऊन मुलाच्या छायाचित्रास हार घालू लागला, तर त्यास आदराने बसवा, चहा द्या, आणि विचारा : भरतीविषयी तुमचे धोरण काय? निवृत्तिवेतनाविषयी काय? वस्तीतील शाळेविषयी काय? उत्तर ऐका, लक्षात ठेवा, आणि आपले मत त्यास सांगू नका.

आपल्या पणजोबांनी तलवार गाजविली आणि अर्ज लिहिले. तलवार सरकारने काढून घेतली, अर्ज दप्तरात पडून राहिले. आज आपल्या हाती जे आहे ते कोणाच्या मर्जीने आलेले नाही, म्हणून कोणाच्या मर्जीने ते वापरू नका.

जय भीम!